सातपुड्याच्या पायथ्याची एकाकी भाषा

आमच्या कराडला कृष्णा आणि कोयना या दोन नद्या अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि दोघी मिळून पूर्वेकडे वळतात. या जागेला आम्ही प्रीतिसंगम म्हणतो. बाहेरगावचा पाहुणा आला म्हणजे त्याला घाटावर नेऊन हा संगम दाखवायचा, ही आमची रीतच आहे. पाहुणा विचारतो, "इथून पुढे नदीचं नाव काय?" आम्ही सांगतो, "कृष्णा." कोयनेचे पाणी पुढे जाते, शेते भिजवते, पण तिचे नाव मात्र येथे संपते.

भाषांचेही पुष्कळदा असेच होते. एक मोठी भाषा असते, तिला लहान भाषा येऊन मिळतात, आणि काही पिढ्यांनी त्यांची नावेही कोणाच्या लक्षात राहात नाहीत. फरक एवढाच, की नदीचे पाणी तरी पुढे जाते. भाषेचे तसे होईलच असे नाही. अशाच एका भाषेची हकीकत आज मी सांगणार आहे. ती आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि अजून जिवंत आहे. पण तिच्यापर्यंत जाण्याआधी माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगतो, कारण त्या गोष्टीमुळेच मी या विषयाकडे वळलो.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक काम दिले होते. घरात नेहमी बोलले जातात, पण पाठ्यपुस्तकात कधी भेटत नाहीत, असे पंचवीस शब्द लिहून आणा, असे मी सांगितले. मुले हौशीने लिहून घेऊन आली. कुणी वाफसा, कोळपे, पाभर असे शेतातले शब्द आणले, कुणी गुऱ्हाळातले आणले, तर कुणी आजीच्या स्वयंपाकघरातले. एका मुलीने मात्र कोरा कागद दिला. मी कारण विचारले, तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, आमच्या घरातले शब्द मराठी नाहीत. ते चालतील का?" मुलगी कैकाडी समाजाची होती. मी पटकन म्हणालो, "अगं, विषय मराठीचा आहे. तेव्हा मराठीच लिहून आण."

ती "बरं" म्हणून जागेवर जाऊन बसली. माझ्या दृष्टीने विषय तेथे संपला होता. रात्री मात्र मला तो कोरा कागद आठवत राहिला. घरचे शब्द आणा असे मीच सांगायचे, आणि घरचे शब्द आहेत असे कुणी म्हटले की ते चालणार नाहीत असेही मीच सांगायचे, हा कुठला न्याय? दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून म्हटले, "तुझ्या घरचेच शब्द आण." आठ दिवसांनी तिने अकरा शब्द आणले. पंचवीस का नाहीत, असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, आजी बोलते, आईला समजतं, आणि मला जेवायला हाक मारलेली आणि शिव्या तेवढ्या कळतात."

भाषा कशी जाते, हे सांगणारे पुष्कळ ग्रंथ आहेत. पण त्या मुलीने ते एका वाक्यात सांगितले. आजी बोलते, आईला समजते, आणि नात शब्द गोळा करते. एवढ्या तीन पायऱ्या उतरल्या की झाले.

कैकाडी बोली ही द्राविड कुळातली आहे. ग्रियर्सनसाहेबांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानातील भाषांची जी मोठी पाहणी झाली, तिच्या १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात तिची नोंद तमिळच्या परिवारात केलेली आहे. टोपल्या, कणग्या विणत गावोगाव फिरणारा हा समाज कोठून कोठे आला, याची खूण त्याच्या बोलीत अजून शिल्लक आहे. याच आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटण भागाचे लक्ष्मण माने यांनी १९८० साली 'उपरा' लिहिले, तेव्हा मराठी वाचकांपैकी अनेकांना पहिल्यांदा कळले, की आपल्या गावच्या वेशीबाहेर पाल ठोकणाऱ्यांची स्वतःची एक भाषा असते. तोवर ती आपल्या कानांवर पडत होती, पण आपण तिला भाषा समजत नव्हतो. उलट, ज्या जमातींवर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या चारचौघांत आपल्या बोलीत बोलल्या की ऐकणाऱ्याला वाटे, ही काहीतरी चोरून बोलणी चालली आहेत. तो कायदा १९५२ साली गेला. संशय मात्र कायद्याबरोबर जात नाही. अशा वेळी आईबाप काय करतील? मुलांशी घरात मराठीच बोलतील. आणि त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

तरी कैकाडीला नातेवाईक आहेत. तमिळ आहे, आंध्रातली येरुकला आहे. महाराष्ट्रात एक भाषा अशी आहे, की तिला साऱ्या जगात जवळचे म्हणावे असे कोणी नाही. तिचे नाव निहाली.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद नावाचा तालुका आहे. सातपुड्याची रांग तेथे सुरू होते. पलीकडे मध्य प्रदेशातला निमाडचा प्रदेश आणि पूर्वेला मेळघाट. या डोंगराच्या पायथ्याशी जामोद, सोनबर्डी आणि आजूबाजूच्या काही थोड्या गावांत निहाल लोक राहतात. ते स्वतःला 'काल्टो' म्हणवतात आणि आपल्या बोलण्याला 'काल्टो मंडी' म्हणतात. निहाल हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले. ही भाषा बोलणारे आज किती असतील? अभ्यासकांचा अंदाज दोन ते अडीच हजारांचा आहे. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाच्या यात्रेला याहून अधिक माणसे जमतात.

आता या भाषेचे वेगळेपण पाहा. पाण्याला निहालीत 'जोप्पो' म्हणतात, विस्तवाला 'आपो' आणि डोळ्याला 'जिकित'. लिहून घेणाऱ्यागणिक उच्चार थोडेफार बदलतात, ते सोडा. मोजताना ते 'बिदुम, इरार, मोथ, नालो' असे म्हणतात. आमच्या सांगली जिल्ह्यात, जतच्या बाजूला, ज्यांच्या घरात कानडी बोलतात त्या श्रोत्यांनी हे आकडे नीट ऐकावेत. कानडीत दोन, तीन, चारला 'एरडु, मूरु, नाल्कु' म्हणतात. 'इरार' आणि 'नालो' यांत काही ओळखीचे वाटते की नाही? म्हणजे केव्हातरी, कुठेतरी, या लोकांचा द्राविड भाषा बोलणाऱ्यांशी घरोबा झाला असला पाहिजे. चारच्या पुढे गेले की 'पांचो' येतो, तो सरळ आपल्याकडचा. आणि रोजच्या व्यवहारातले शब्द घ्याल, तर त्यांतले पुष्कळ शेजारच्या कोरकू भाषेतले. कोरकू ही मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडकडच्या संथाळी, मुंडारी यांची बहीण. चार आकडे मोजता मोजता आपण मध्य हिंदुस्थानचा केवढा इतिहास चाळून येतो!

पण ही सारी उसनवारी बाजूला काढली, तरी तळाशी सुमारे पाव हिस्सा शब्द असे उरतात, की ते कोणाचेच नाहीत. ते आर्य कुळातले नाहीत, द्राविड नाहीत आणि मुंडाही नाहीत. पंडितांनी हात टेकले आहेत ते येथे. जगात अशा एकाकी भाषा थोड्याच आहेत. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सरहद्दीवर बास्क आहे, गिलगिट-हुंझाकडे बुरुशस्की आहे, नेपाळात कुसुंडा आहे. त्या मालिकेत आपल्या महाराष्ट्रातले हे नाव बसते. आर्य आणि द्राविड भाषा या देशात पसरण्याआधी येथे जे कोणी राहात होते, त्यांच्या बोलीचा हा शेवटचा ठिपका असू शकेल, असा काही विद्वानांचा तर्क आहे. तर्कच तो. पण नुसता तर्क करायलाही काही शिल्लक असावे लागते, आणि ते या दोन-अडीच हजार माणसांच्या तोंडी आहे.

या भाषेचा अभ्यास कोणी केला, तेही सांगितले पाहिजे. ग्रियर्सनच्या पाहणीत स्टेन कोनोव्ह या नॉर्वेच्या पंडिताने तिची पहिली शास्त्रीय नोंद केली. त्याने तिला मुंडा गटात बसवले, पण तिच्यावर द्राविड आणि आर्य भाषांचे थर चढले आहेत, हेही त्याने ओळखले होते. पुढे १९५७ साली सुधिभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष तेथे जाऊन केलेली टिपणे प्रसिद्ध केली आणि ही स्वतंत्रच भाषा असावी असे मत दिले. त्यांच्या सामग्रीवरून कायपर या डच पंडिताने १९६२ साली ॲम्स्टरडॅमला एक पुस्तकच काढले. आपल्याकडच्या आशा मुंडले यांनी निहालांत जाऊन शब्द गोळा केले. त्यांचा निहाली शब्दसंग्रह १९९६ साली छापला गेला. आणि २०१४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह असे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे, निहालीकडे कोणाचे लक्षच नाही असे म्हणता येणार नाही. पुस्तके आहेत. पण ती बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि सोनबर्डीच्या शाळेतल्या पोराला त्यांचा काही उपयोग नाही.

या कायपरसाहेबांनी एक शंका काढली होती, ती मोठी विचार करण्याजोगी आहे. ते म्हणाले, ही कदाचित मूळची स्वतंत्र भाषा नसेलही; बाहेरच्यांना कळू नये म्हणून तयार केलेली ही गुप्त बोली असेल. विद्वानाने शंका काढणे योग्यच आहे आणि त्यावर पुढे पुष्कळ चर्चाही झाली. तिला स्वतंत्र मानणारेच आज अधिक आहेत. पण मला त्यात दुसरेच काही दिसते. कैकाड्यांची बोली ऐकून गावच्या पाटलाला जे वाटले, त्याचीच ही सभ्य आवृत्ती नव्हे काय? आपल्याला समजत नाही, तेव्हा आपल्याला समजू नये म्हणूनच ती बोलली जात असणार! माणूस आपल्या लेकराला कुशीत घेऊन ज्या भाषेत जोजवतो, ती भाषा दुसऱ्याला फसवण्यासाठी रचलेली असेल, हे मनाला सहज पटत नाही.

मग ही भाषा आटत का चालली? कारण सरळ आहे. निहाल बहुतेक मजुरी करणारा, पुष्कळदा कोरकूंच्या शेतांवर राबणारा. घरात निहाली, शेतावर कोरकू, आणि बाजारात, शाळेत, कचेरीत मराठी किंवा हिंदी, अशी त्याची रोजची ये-जा असते. आपल्याकडे तीन भाषा येणाऱ्याला आपण बहुभाषी म्हणून मान देतो. निहाल तीन भाषा बोलतो, तरी तो अडाणीच ठरतो! एकेका पायरीवर त्याला वरच्या भाषेपुढे आपली भाषा लपवावी लागते. कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक आहेत, पण कोरकूही मराठीपुढे अंग चोरून उभी असते. तेव्हा सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या निहालीने कोणाकडे पाहावे?

त्यात सरकारी हिशेबाची एक गंमत आहे. १९७१ च्या जनगणनेपासून असा नियम झाला, की ज्या भाषेचे बोलणारे दहा हजारांपेक्षा कमी, तिचे नाव वेगळे छापायचे नाही. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषांची नावे सांगितली ती एकोणीस हजारांवर भरली. त्यांची छाननी होऊन शेवटी १२१ भाषा यादीत उरल्या. छाननी लागतेच, कारण एकच भाषा दहा नावांनी सांगितली जाते. पण दोन-अडीच हजारांची निहाली त्या यादीत येण्याचा संभवच नाही. ती 'इतर' या रकान्यात जाते. आणि जिचे नाव यादीत नाही, तिच्यासाठी शिक्षक मागायचा कोणी, पुस्तक मागायचे कोणी? युनेस्कोच्या नकाशात मात्र ती आहे, अत्यंत संकटात असलेल्या भाषांत. म्हणजे जगाला तिचे नाव माहीत आहे आणि आपल्या घरच्या यादीत ती नाही.

येथे कोणी म्हणेल, "प्राध्यापकमहाशय, तुम्हाला शब्दांची हौस आहे. त्या गरीब पोरांना नोकरी हवी आहे. मराठी येईल, इंग्रजी येईल तर चार पैसे मिळतील. त्यांना जुन्या भाषेत कशाला अडकवता?" हा आक्षेप खोटा नाही. निहालाच्या मुलाला मराठी आलीच पाहिजे आणि उत्तम आली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एक साधी गोष्ट लक्षात घ्या. सहा वर्षांचे पोर पहिल्या दिवशी शाळेत येते आणि गुरुजींचे एक अक्षरही त्याला कळत नाही. ते गप्प बसते. गुरुजींना वाटते, पोर मंद आहे. वर्षभर ते मंद म्हणून बसते आणि मग शाळाच सोडते. म्हणजे त्याची भाषा सोडवून आपण त्याला मराठी दिली असेही होत नाही. एक गेली आणि दुसरी आली नाही, अशी त्याची गत होते. घरच्या भाषेचे बोट धरून दुसऱ्या भाषेत नेले, तर पोर न रडता चालत जाते. आपल्या घटनेच्या ३५० अ या कलमात अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे १९५६ पासून लिहिलेले आहे. २०२० चे शैक्षणिक धोरणही तेच म्हणते. कायदा आहे, तो डोंगर चढून वर जायचा राहिला आहे.

भाषा शेवटच्या पायरीवर गेली म्हणजे काय होते, ते आपल्याच देशात दिसले आहे. २०१० च्या जानेवारीत अंदमानात बोआ सिनिअर नावाची एक वृद्धा वारली. बो ही भाषा बोलणारी ती शेवटची. तिच्याशी त्या भाषेत बोलायला वर्षानुवर्षे कोणीही नव्हते. संशोधकांनी तिचा आवाज जतन करून ठेवला, हे फार चांगले झाले. पण ध्वनिमुद्रण म्हणजे फोटो. फोटोतली आजी गोष्ट सांगत नाही.

उलट दुसरीकडे हेही पाहा. उत्तर अमेरिकेच्या टोकाला अलास्कात ट्लिंगिट नावाची जमात आहे. तेथील मिशनच्या आणि सरकारी शाळांत मुलांनी आपली भाषा बोलली की शिक्षा होई. परिणाम असा झाला, की आज ती भाषा लहानपणापासून अस्खलित बोलणारे शंभरदेखील उरलेले नाहीत. पण नातवंडे जागी झाली आहेत. म्हाताऱ्यांजवळ बसून ती भाषा शिकतात, जुनो शहरातल्या विद्यापीठात ती शिकवली जाते, आणि २०१४ साली अलास्काने तिच्यासह वीस मूळ भाषांना राज्याच्या अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी याहून साधा उपाय शोधला. १९८२ पासून त्यांनी बालवाड्या काढल्या, त्यांना 'भाषेची घरटी' असे नाव दिले, आणि शिकवायला बसवले ते आजी-आजोबांना. मधली पिढी भाषा विसरली होती. म्हणून त्यांनी आजी आणि नातू यांची थेट गाठ घालून दिली.

निहालीत तर अजून आजीही बोलते आणि आईही बोलते. म्हणजे वेळ गेलेली नाही. त्या चार-दोन गावांच्या अंगणवाडीत गोष्टी सांगायला गावातलीच एखादी म्हातारी मानधन देऊन बसवली, पहिलीच्या पुस्तकाबरोबर निहाली शब्दांचे एक चित्रांचे पुस्तक देवनागरीत छापले, आणि तेथे जाणाऱ्या नव्या शिक्षकाला शे-दोनशे शब्द शिकवूनच पाठवले, तर त्याला किती खर्च येईल? एखाद्या संमेलनाच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी. नागराजांचे व्याकरण आहे, मुंडल्यांचे शब्द आहेत. २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली महाराष्ट्रातील भाषांचे लोकसर्वेक्षण मराठीत निघाले आहे. साहित्य सगळे तयार आहे, फक्त चूल पेटवायची आहे.

आणि हे काम सरकारचे जितके आहे, तितकेच आपले मराठी बोलणाऱ्यांचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही कॉलेजात पेढे वाटले, मी स्वतः भाषणही केले. आपली भाषा किती जुनी, हे सिद्ध करायला आपण वर्षानुवर्षे पुरावे जमवले. मग आपल्याच राज्यात, कदाचित आपल्याहूनही जुनी असलेली एक भाषा मुकाट्याने निघून जात असेल, तर त्याबद्दल आपल्याला काहीच वाटू नये काय? इंग्रजीपुढे मराठी माणूस आपल्या मुलाशी घरात मराठी बोलायला संकोचतो, म्हणून आपण तळमळतो. तीच तळमळ निहालाला मराठीपुढे वाटत असेल, हे आपल्याला सर्वांत आधी कळायला हवे.

सोनबर्डीला आपल्यापैकी फार थोडे जाणार. पण आपापल्या गावात काही करता येते. जनगणनेचा माणूस दाराशी आला आणि शेजारच्या पालातल्या माणसाने 'लिहा मराठी' असे म्हटले, तर त्याला सांगा, की बाबा, घरात जे बोलता तेच लिहायला सांगा. शिक्षक असाल, तर वर्गातल्या पोराच्या बोलीला हसू नका आणि दुसऱ्यांना हसू देऊ नका. भाषा मरते ती बहुतेक वेळा अशा हसण्याने मरते. कायद्याने तिच्यावर बंदी घालण्याची गरजच पडत नाही.

माझ्यापुरते मी एवढेच केले आहे, की वर्गाला तेच काम मी अजून देतो, पण आता सुरुवातीलाच सांगतो: शब्द घरचा असला पाहिजे, भाषा कोणतीही चालेल. गेल्या काही वर्षांत कैकाडीबरोबर वडारी आणि पारधी शब्दही माझ्या वहीत आले आहेत. त्या पहिल्या मुलीचे अकरा शब्द वहीच्या पहिल्या पानावर आहेत. परीक्षा झाल्यावर ती भेटायला आली होती. मी विचारले, "आणखी काही शब्द मिळाले का?" ती हसून म्हणाली, "सर, आता मी विचारते म्हणून आजी मुद्दाम माझ्याशी आमच्याच भाषेत बोलते. आणि आईपण मधे मधे बोलायला लागली आहे."